सरांच्या अभिनंदनाचा बोर्ड

एखाद्या घराचं दार दिसलं की सर खिशातलं पेन काढायचे. आधी पेन, मग मोबाईल, मग कागदाची घडी असली तर तीही. सगळं माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "मामा, हे असू द्या तुमच्यापाशी." चपला रस्त्यावरच काढायच्या आणि मोकळ्या हातानं आत जायचं.

पहिल्यांदा मला वाटलं, हा माणूस मारामारीला निघालाय. खिसे रिकामे करून दुसऱ्याच्या दारात कोण जातं? मी रिक्षाचं इंजिन चालूच ठेवलं होतं.

मी तिसरी शिकलेला माणूस. जन्म रिक्षात गेला. नगरचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, माझ्या तोंडात नगरच बसलंय आणि ते आता निघायचं नाही. हे लिहायला मला कोणी सांगितलेलं नाही. सरांबद्दल आमच्या भिंगारात जे बोललं जातं ते मला पसंत नाही, म्हणून लिहितोय. तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. उंच, जरा पोक काढलेले, शर्टाला इस्त्री नाही, भर उन्हातसुद्धा पाय ओढत चालणारे. कॉलेजात तासावर शिकवायचे. म्हणजे जितके तास तितकेच मास्तर. सुट्टी लागली की मास्तरकी बंद, आणि जूनमध्ये साहेबांच्या मनात असलं तर पुन्हा सुरू.

सरांचा विषय दहशतवाद. त्यावर डॉक्टरकी करत होते. त्यांच्या गाईडनं म्हणे त्यांना समजावलं होतं, "अरे, साखर कारखान्याचं राजकारण घे. आपल्या जिल्ह्यात त्याला तोटा नाही. चेअरमन मुलाखत देतात, वर चहा पाजतात." सर म्हणाले, "त्यावर माझ्या आधी पुष्कळ जण बसलेत."

हाच विषय का, ते मी एकदा विचारलं होतं. शिकायला शहरात असताना एका स्फोटानंतर सर दवाखान्यात रक्त द्यायला गेले होते. रांगेत त्यांच्या पुढं एक पोरगा उभा होता. रक्त देऊन तो बाहेर आला आणि दंडाचा कापूस धरलेला असतानाच पोलिसांनी त्याला गाडीत घातला. "त्याचं पुढं काय झालं कळलं नाही, मामा. आणि त्याचं रक्त कोणाला चढलं तेही कळलं नाही." एवढंच बोलले आणि खिडकी नसलेल्या रिक्षात बाहेर बघत बसले.

खोली मिळायला त्यांना फार त्रास झाला. सर ख्रिस्ती, नेवाशाकडचे, त्याचं कोणाला काही नव्हतं. विषय ऐकला की लोक मागं सरायचे. शेवटी आमच्या गल्लीत एका बाईनं दिली, पण अट घातली. "गॅसची टाकी खोलीत ठेवायची न्हाई. जिन्याखाली, माझ्या नजरेसमोर." सर म्हणाले, "बरं." आणि जिन्याखाली टाकी ठेवून वर विजेच्या शेगडीवर भात करायचे. चौकशीला एक हवालदार यायचा. पहिल्या महिन्यात त्यानं पुस्तकं चाळली. दुसऱ्या महिन्यात चहा घेतला. पुढं पुढं तो पोरीच्या अॅडमिशनचं विचारायलाच यायचा, आणि जाताना आठवण झाली तर म्हणायचा, "बाकी काही संशयास्पद?" सर म्हणायचे, "दूध नासलंय."

त्यांच्या कामाची रीत अशी. स्फोटात ज्या घरचा माणूस गेला त्या घरी जायचं. स्फोट केला म्हणून ज्या घरचा माणूस धरला त्या घरीही जायचं. दोन्हीकडं सारखंच बसायचं. स्फोटाचं नाव काढायचं नाही, काही लिहून घ्यायचं नाही. पाऊसपाणी, म्हैस, पोरांच्या शाळा. त्यातून उठता उठता एकच प्रश्न: "त्या दिवशी घरात काय शिजलं होतं?"

मी हसलो होतो. "सर, सरकार तुमाला काय स्वयंपाकाची डॉक्टरकी देनार हाय का?"

"मामा, काय झालं ते सांगून सांगून त्यांना पाठ झालंय. पोलिसांना सांगितलं, पेपरवाल्यांना सांगितलं, कोर्टात सांगितलं. शिजलं काय हे कोणी विचारलंच नाही. ते पाठ नाही त्यांना."

घोडेगावच्या अलीकडं आत वळलं की एक वस्ती आहे. तिथल्या म्हाताऱ्याचा एकुलता पोरगा शहरात कामाला होता. स्फोटात गेला. बसथांब्यावर उभा होता, तेवढाच त्याचा गुन्हा. म्हातारा भडाभडा बोलायचा, तारीख-वारानिशी. म्हातारी कधी बोलली नव्हती. आम्ही तीन खेपा केल्या. तिसऱ्या खेपेला ऊन फार होतं म्हणून मी ओट्यावर सावलीला बसलो होतो. सरांनी त्यांचा तो प्रश्न विचारला. म्हातारा अडखळला. आतून म्हातारीचा आवाज आला, "शेंगोळे."

मग ती दारात आली. "शनवारी यायचा व्हता. म्हनून हुलगे दळून आनले. म्हनलं आधी एकदा करून बघावं, चव गेली असंल हाताची." खाली बसली आणि बोलायला लागली, ती दिवेलागणीपर्यंत. पोराचं नाव तिनं घेतलं तेव्हा म्हातारा उठून गोठ्यात गेला.

परतताना पांढरीच्या पुलावर मी दोघांना भेळ घेतली. सरांनी हात लावला नाही. मी दोन्ही खाल्ल्या. भुकेला मी कधी लाजलो नाही.

दुसरं घर नगरातच, एमआयडीसीच्या मागच्या वस्तीत. थोरल्या भावाचं वेल्डिंगचं दुकान, मागं दोन खोल्या. धाकट्याला त्याच स्फोटाच्या केसमध्ये धरून नेलेलं. निकाल नाही, जामीन नाही, पोरगा आत. तो कोणत्या धर्माचा हे मी लिहिणार नाही. तुम्ही मनात एक धरला असेल. सर म्हणायचे, ऐकणारा पहिल्या वाक्यालाच एक नाव धरतो आणि पुढचं ऐकत नाही. म्हणून तुम्ही पुढचं ऐका.

मी दुकानाबाहेरच थांबायचो, पण ऐकू यायचं. त्या घरात सरांच्या प्रश्नाला आईनं उत्तर दिलं, "काय न्हाई शिजलं. पीठ मळलं व्हतं. पोलीस आले. पीठ तसंच ऱ्हायलं." वेल्डर म्हणाला, "आठ दिवस फेकू दिलं न्हाई तिनं. घरभर वास सुटला." धाकट्याला नेल्यापासून त्या घराची पायरी कोणी चढत नव्हतं. सोयरे तुटले, गिऱ्हाईक तुटलं. आठवड्याला येऊन बसणारे एकटे सर.

मला हे पटायचं नाही आणि मी गप्प बसणाऱ्यातला नाही. एकदा रिक्षा बाजूला घेऊन बोललो. "सर, त्या म्हातारीच्या घरचा चा पिऊन तुमी हितला कसा पिता? ह्यानंच केलं असंल तर?"

"असेल. नसेलही. ते कोर्ट बघेल."

"मग तुमी काय बघताय?"

"घरातला एक जण वाट सोडून निघाला तर घराला ते कधी कळतं, ते बघतोय. आणि निघालाच नसेल, नुसता उचलला असेल, तर घर पुढं कसं राहतं, तेही."

"आन त्याचा उपेग?"

"घाई नाही, मामा," सर म्हणाले. हे त्यांचं ठरलेलं होतं. जगाला घाई असली की हे म्हणायचे घाई नाही.

एकदा जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात या विषयावर राष्ट्रीय चर्चासत्र होतं. सरांना बोलायला बोलावलं होतं. मीच घेऊन गेलो. सत्कार झाले, शाली झाल्या, एक निवृत्त मोठे अधिकारी बोलले, ते बोलतच राहिले. माणसं जांभया द्यायला लागली. शेवटी सरांचं नाव पुकारलं आणि त्याच माईकवरून आयोजक म्हणाले, "जेवण तयार आहे, सरांनी थोडक्यात आटोपावं." सर उभे राहिले. मांडव निम्मा रिकामा झाला होता. ते म्हणाले, "मी ज्या लोकांबद्दल बोलणार होतो त्यांची ओळख थोडक्यात होत नाही. आपण जेवू." आणि खाली बसले. जिलेबी चांगली होती. निघताना एका पोरीनं सगळ्यांना सर्टिफिकेटं वाटली, त्यात मलाही दिलं. राष्ट्रीय चर्चासत्रात सहभागी झाल्याबद्दल. मी ते फ्रेम करून भिंतीला लावलंय. माझ्या सख्ख्या भावाचा पोरगा इंजिनियर आहे, त्याच्याकडं असलं नाही.

तर असं करत करत सर डॉक्टर झाले. आणि योग असा की त्याच पावसाळ्यात त्यांच्या कॉलेजात कायम जागा निघाली. एकच. बऱ्याच वर्षांनी निघालेली. पुढची कधी निघेल ते देव जाणे. सरांच्या कानाशी केस पिकले होते. आई गावाकडं चर्चच्या मागच्या घरात एकटी होती, गुडघ्यांनी गेलेली. कायम झालो की तिला आणायची, दोन खोल्या घ्यायच्या, तळमजल्यावर, एवढं त्यांचं ठरलेलं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, पण सांगताना घाई नाही म्हणाले नाहीत.

मुलाखतीला आठवडा होता. गल्लीतल्या मंडळाचा अध्यक्ष केबलवाला. त्यानं ठरवलं, नाक्यावर सरांच्या अभिनंदनाचा बोर्ड लावायचा. आपल्याकडं वाढदिवसाला बोर्ड लागतो, दहावीत पास झाल्याचा लागतो, कोणाची गाय प्रदर्शनात पहिली आली तरी लागतो. गल्लीतला पहिला डॉक्टर, त्याचा नाही लावायचा?

सर हात जोडून म्हणाले, "बोर्ड नको."

केबलवाला म्हणाला, "सर, तुमी गप ऱ्हावा. तुमच्यासाठी न्हाई, गल्लीसाठी लावतोय."

लावला. पंधरा फुटी. सरांच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून अंगात कॉम्प्युटरनं कोट घातलेला. कोटाचा खांदा एकीकडं आणि सरांची मान एकीकडं. खाली रीतीप्रमाणं शुभेच्छुकांची रांग. गल्लीतली सगळी तोंडं. माझाही फोटो होता, फेट्यातला. मी सांगतो, बोर्डात काही चूक नव्हती. लोक आजही म्हणतात तो बोर्ड नडला. बोर्ड कशाला नडेल?

झालं असं की बोर्डाची लोखंडी चौकट वेल्डरनं बनवली. सरांच्या नावाचा बोर्ड आहे म्हटल्यावर तो स्वतःच आला, दिवसभर उन्हात बसून वेल्डिंग केलं आणि मजुरी घेईना. केबलवाल्याला म्हणाला, "मजुरी नको. शुभेच्छुकांत माझा फोटो टाका फक्त." केबलवाल्याला त्यात काय वाटणार? फुकट चौकट देणारा माणूस. फोटो टाकला, खाली नाव टाकलं. माझ्या शेजारीच. आपला फोटो चारचौघांच्या रांगेत लागलेला बघून तो माणूस नाक्यावर बराच वेळ उभा होता. घरच्यांनाही घेऊन आला होता दाखवायला.

ते आडनाव नगरात सगळ्यांना माहीत होतं. धाकट्याला धरला तेव्हा पेपरात तेच छापून आलं होतं. कोणीतरी बोर्डाचा फोटो काढला, सर आणि तो भाऊ एवढेच ठेवून बाकीची रांग कापली आणि मोबाईलवर सोडला. मी कापला गेलो, म्हणून वाचलो म्हणा. मुलाखतीच्या आदल्या दिवशी तो फोटो संस्थेच्या अध्यक्षांपर्यंत पोचला होता.

मुलाखतीला मीच सोडलं. ऑफिसच्या खिडकीखाली कट्टा आहे, तिथं बसलो. खिडकी उघडी होती. कान माझे अजून धड आहेत.

शिकवण्याचं, पुस्तकांचं विचारून झालं. बाहेरून आलेले दोन पाहुणे चांगलं म्हणत होते. मग संस्थेच्या अध्यक्षांचा आवाज, मोबाईलवरचा तो फोटो पुढं केला असावा. "हे कोण?"

सर म्हणाले, "शुभेच्छुक."

"ओळखता?"

"ओळखतो."

"सर, मी तुमच्या विरोधात नाही," अध्यक्ष म्हणाले. खरं सांगतो, त्यांचा आवाज चांगल्या माणसाचाच होता. "पोरीबाळी शिकतात इथं. उद्या आईबाप विचारायला आले तर मला उत्तर पाहिजे. तुम्ही एक वाक्य बोला. मंडळाच्या पोरांनी परस्पर फोटो टाकला, माझा त्या माणसाशी संबंध नाही. एवढं बोला, विषय संपला. जागा तुमची."

पंखा तेवढा कुरकुरत होता. मी कट्ट्यावरून पुटपुटलो, बोला, सर, बोला.

सर म्हणाले, "परस्पर टाकला हे खरं आहे. पण संबंध आहे. मी त्यांच्या घरी जेवलोय."

बाहेर आले तेव्हा नेहमीसारखे चालत होते. रिक्षात बसले. मी किक मारलीच नाही. मागं वळून म्हणालो, "एक वाक्य बोलायला तुमच्या बापाचं काय जात व्हतं?" असं मी त्यांना कधी बोललो नव्हतो.

"मामा, गुरुवारी परत जायचंय ना त्यांच्याकडं," सर म्हणाले. "तोंड घेऊन जावं लागेल."

थोडं पुढं गेल्यावर खांद्यावर हात ठेवला. "त्यांना यातलं काही कळता कामा नये. शब्द द्या." मी दिला. रागानं दिला, पण दिला.

त्या संध्याकाळी मंडळानं बोर्ड उतरवला. गुरुवारी आम्ही गेलो. वेल्डरनं विचारलं, "बोर्ड का काढला, सर?" सर म्हणाले, "वाऱ्यानं हलत होता." वेल्डर खजील झाला. "माझंच वेल्डिंग कच्चं ऱ्हायलं म्हना." तो चुकीचा आळ त्या माणसावर राहिला, आणि सरांना दुसरं कारण सुचलं नाही.

पुढच्या जूनला सरांचे तासही दिले नाहीत. ते पोलीस भरतीच्या एका अकॅडमीत शिकवायला लागले. पत्र्याची शेड, शंभरेक पोरं, सकाळी धावायचं आणि दुपारी सामान्य ज्ञान. तिथं दहशतवादाची व्याख्या चार पर्यायांतून निवडायची असते. सरांनी म्हणे दोन तास घेतले आणि चारही पर्याय कसे अपुरे आहेत ते सांगितलं. अकॅडमीचा मालक मलाच म्हणाला, "मामा, तुमच्या सरांना सांगा, पोरांना खाकी घालायची आहे. पर्याय क म्हणायचं आणि पुढं जायचं." सर पर्याय क म्हणायला शिकले. मला ते बघवेना. मी तिकडच्या भाड्याला जायचं सोडलं.

मग आई गेली. तळमजल्याच्या खोल्या राहिल्याच. गावाकडून मातीला जाऊन आले आणि महिन्याभरात सरांनी खोली सोडली. पुस्तकं एका वाचनालयाला द्यायला मी नेली, त्यांनी निम्मी परत केली, विषय बघून. ती अजून माझ्या माळ्यावर आहेत. स्टँडवर सोडताना मी विचारलं, "कुठं?" म्हणाले, "एक जण काम देतो म्हणालाय. बघतो. कळवतो." कळवलं नाही. कोणी म्हणतं परराज्यात शाळेवर आहेत, कोणी म्हणतं कुठल्याशा कंपनीत कागद तपासतात. गल्ली म्हणते पोलिसांनीच नेले. तेच मला पसंत नाही.

या उन्हाळ्यात वेल्डर मला शोधत रिक्षा स्टँडवर आला. धाकटा सुटला होता. निर्दोष. इतक्या वर्षांनी कोर्ट म्हणालं, पुरावा नाही.

"मामा, सरांचा फोन लागत न्हाई."

"नंबर बदललाय."

"त्यांना घिऊन या एकदा. धाकटा आल्यापासनं बोलत न्हाई. एक शबूद न्हाई. दवाखाना झाला, देवधरम झाला. आई असती तर येगळं. मी जेलात भेटायला जायचो तवा सरांचं सांगायचो. म्हनायचो, एक सर येत्यात, आईपाशी बसत्यात. त्यो दर टायमाला इचारायचा, आजून येत्यात का? मी व्हय म्हनायचो. शेवटची दोन-तीन वर्सं खोटंच म्हनायचो." मग हसला. "मोठे झाले असतील आता. परमनंट झाले ना?"

मी म्हणालो, "झाले."

"म्हनलंच मी. कुठं?"

"लांब."

"जाऊ द्या. तुमी तर चला."

मी गेलो. म्हातारपणी पहिल्यांदा त्या घराच्या आत गेलो. दुकानामागची खोली, खाटेवर तो बसलेला. डोकं पांढरं. धाकटा म्हणून ज्याचं नाव ऐकत होतो तो थोरल्यापेक्षा म्हातारा दिसत होता. वेल्डर त्याच्या कानाशी वाकून म्हणाला, "बघ कोन आलंय. सरांच्या संगं यायचे ते मामा."

त्यानं मान वर केली. माझ्याकडं पाहिलं नाही. माझ्या खांद्यावरून मागं, दाराकडं पाहिलं, आणि पाहतच राहिला. मीही वळून पाहिलं. दारात ऊन होतं.